वर्षभराचे पीडीएफ बँक स्टेटमेंट टॅलीत आणण्याची खात्रीची पद्धत कोणती?

तुर्भेकर (प्रश्न)

नमस्कार. तुर्भे येथील बाजार समितीच्या दाणा मार्केटमधील एका घाऊक पेढीचे हिशेब मी पाहतो. पेढी एकल मालकीची असून तिची दोन चालू खाती आणि एक कॅश क्रेडिट खाते (बँकेकडून ठरावीक मर्यादेपर्यंत उचल घेण्याचे) आहे. आधीचे लेखनिक मध्येच सोडून गेल्यामुळे १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या वर्षाच्या बँकेच्या नोंदी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये झालेल्याच नाहीत, आणि आता तिन्ही खात्यांच्या मिळून सुमारे ४,८०० ओळी माझ्यापुढे आहेत. एका खात्याचे स्टेटमेंट नेट बँकिंगवरून एक्सेलमध्ये मिळाले. उरलेल्या दोन खात्यांची केवळ पासवर्ड असलेली पीडीएफ ईमेलने आली आहे.

पीडीएफमधील मजकूर निवडून एक्सेलमध्ये चिकटवला, तर नॅरेशन (व्यवहाराचे वर्णन) तीन ओळींत तुटते, काढलेली व भरलेली रक्कम एकाच स्तंभात येते आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावरचे शीर्षक व ‘मागील शिल्लक’ ही ओळसुद्धा व्यवहार असल्यासारखी मध्ये घुसते. हाताने टाकायचे म्हटले, तर रोज दीडशे नोंदी केल्या तरी महिना उलटून जाईल, आणि दीडशेव्या नोंदीला माझे डोळे काय वाचतील याची मला खात्री नाही.

माझे तीन प्रश्न आहेत. पीडीएफ रूपांतरित करून देणारी अनेक संकेतस्थळे दिसतात. पेढीचे स्टेटमेंट तेथे चढवणे योग्य आहे का? टॅलीत आणण्यासाठी एक्सेल फाइल बरी की एक्सएमएल (खुणांमध्ये माहिती बांधलेली मजकूर फाइल)? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ४,८०० ओळी बरोबर उतरल्या आहेत हे एकेक ओळ न वाचता कसे ठरवावे?

नौपाडा लेखापाल

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. स्टेटमेंटमध्ये केवळ तुमच्या शेठजींची शिल्लक नसते. त्यांच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, युपीआय पत्ता आणि पैसे कोणत्या दिवशी येतात हेही त्यात असते. ज्या संकेतस्थळाचा मालक कोण हे आपल्याला सांगता येत नाही, त्याच्या हाती हे देण्याचा अधिकार लेखनिकाला नाही, आणि मालकाची लेखी संमती घेतली तरी मी तो मार्ग सुचवणार नाही. आमच्या कार्यालयात पूर्वी एकदा घाईत हे घडले होते. फाइल परत आली ती दिसायला देखणी होती, पण काही ओळींत दशांश चिन्ह नाहीसे झाल्यामुळे ४५०.०० चे ४५,००० झाले होते. ती चूक पकडण्यात गेलेला वेळ हाताने टाकण्याच्या वेळेपेक्षा फारसा कमी नव्हता.

पीडीएफकडे वळण्यापूर्वी शाखेत किंवा नेट बँकिंगमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी फाइल) अथवा एक्सेल मिळते का, हे पुन्हा एकदा विचारून पाहा. जुन्या कालावधीसाठी तीन-तीन महिन्यांचे तुकडे करून मागितल्यास पुष्कळदा मिळते. तरीही पीडीएफच वापरावी लागली, तर ती उघडून एखाद्या ओळीवर माऊस फिरवा. अक्षरे निवडली जात असतील तर फाइलमध्ये खरा मजकूर आहे. निवडली जात नसतील तर ते पानांचे छायाचित्र आहे आणि त्यासाठी अक्षरओळख करणारे साधन लागेल, ज्यात ३ आणि ८ यांची अदलाबदल होणे नित्याचे आहे. खरा मजकूर असलेल्या फाइलसाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या विंडोजवरील एक्सेलमध्ये ‘गेट डेटा’ या यादीत पीडीएफमधून तक्ते उचलण्याची सोय आहे. टॅब्युला नावाचे मोफत साधनही आपल्याच संगणकावर चालते, त्यामुळे कागद घराबाहेर जात नाही.

तक्ता उचलल्यावर लगेच टॅलीकडे धावू नये. आधी सहा स्तंभांचा एक मधला कागद तयार करावा: तारीख, नॅरेशन, चेक किंवा संदर्भ क्रमांक, काढलेली रक्कम, भरलेली रक्कम आणि बँकेने छापलेली शिल्लक. ज्या ओळीत तारीख नाही आणि रक्कमही नाही, ती बहुधा वरच्या व्यवहाराच्या नॅरेशनचा तुटलेला भाग असते. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की, काही बँकांच्या छपाईत तारीख आणि रक्कम चौकटीच्या मध्यभागी येते, आणि मग नॅरेशनचा पहिला तुकडा तारखेच्या वर व शेवटचा तुकडा खाली पडतो. अशा फाइलला वरचा नियम लावला, तर प्रत्येक नॅरेशनचे डोके आधीच्या व्यवहाराला चिकटते आणि रमेशचे पैसे सुरेशच्या खाती जातात. म्हणून नियम लावण्यापूर्वी पहिल्या दोन पानांवरील दहा नोंदी मूळ पीडीएफशी डोळ्यांनी ताडून पाहाव्यात.

आता तुमचा तिसरा प्रश्न. बँक प्रत्येक ओळीपुढे शिल्लक छापते, ही आपल्याला फुकट मिळालेली तपासणी आहे. सातव्या स्तंभात प्रत्येक ओळीसाठी ‘मागील शिल्लक, वजा काढलेली, अधिक भरलेली, वजा छापील शिल्लक’ असे सूत्र लिहावे आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित करावे, अन्यथा एक्सेल शून्याऐवजी एखादा अतिसूक्ष्म अपूर्णांक दाखवून उगाच घाबरवते. सर्व ओळींत शून्य आले आणि पहिली व अखेरची शिल्लकही स्टेटमेंटशी जुळली, तर जवळजवळ खात्रीने एकही ओळ गळालेली नाही, एकही दोनदा आलेली नाही आणि कोणतीही रक्कम चुकीच्या स्तंभात गेलेली नाही. कॅश क्रेडिट खात्याची शिल्लक सहसा नावे बाजूची असते. तिच्यापुढील ‘डीआर’ (डेबिट, म्हणजे नावे) ही अक्षरे काढताना रक्कम ऋण करायला विसरू नका. केवळ अखेरची शिल्लक जुळली म्हणून समाधान मानू नये, कारण दोन चुका एकमेकींना पोटात घालू शकतात. प्रत्येक ओळीचा ताळा मात्र चूक नेमकी कोठे आहे तेही दाखवतो.

महापे टीटीसी

ताईंनी पायाभूत भाग नीट मांडला आहे, म्हणून मी फक्त फाइलच्या प्रकाराबद्दल लिहितो. टॅलीप्राइमच्या रिलीज ४.० पासून एक्सेलमधून व्हाउचर (व्यवहारांच्या नोंदी) थेट आयात करता येतात. तुम्ही स्वतः प्रोग्रॅम लिहीत नसाल, तर तोच मार्ग धरावा. त्यासोबत मिळणाऱ्या नमुना फाइलमध्ये प्रत्येक व्यवहाराला दोन ओळी लागतात, एक बँकेच्या लेजरची (वहीतील खात्याची) आणि दुसरी समोरच्या लेजरची, हे लक्षात ठेवले की निम्मी अडचण संपते.

एक्सएमएलचा मार्ग जुना आणि भक्कम आहे, परंतु तो बारकावे माफ करत नाही. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी सलग आठ अंकी लिहावी लागते. नावे बाजूची रक्कम ऋण आणि जमा बाजूची धन अशी खूण असते, जी आपल्या नेहमीच्या समजुतीच्या उलट वाटते. पेढीच्या नावात ‘&’ हे चिन्ह जसेच्या तसे राहिले, तर फाइल तेथेच अडते; एक्सएमएलमध्ये ते ठरावीक सांकेतिक रूपातच लिहावे लागते. बाजार समितीतल्या निम्म्या पेढ्यांच्या नावांत ‘&’ असते हे वेगळे सांगायला नको. दर महिन्याला दहा-वीस ग्राहकांचे हेच काम करायचे असेल तर एक्सएमएल तयार करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिणे परवडते, तीन खात्यांच्या एका वर्षासाठी नाही.

फाइल कोणत्याही प्रकारची असली, तरी एक घोटाळा हमखास होतो. स्टेटमेंटमध्ये जी रक्कम बँक ‘जमा’ म्हणते, ती आपल्या वहीत बँकेच्या लेजरला नावे पडते, कारण स्टेटमेंट ही बँकेची वही आहे, आपली नव्हे. स्तंभांची नावे तशीच ठेवून आयात केली, की पेढीचे वर्षभराचे सगळे व्यवहार उलटे उभे राहतात. म्हणूनच मी मधल्या कागदात ‘जमा’ आणि ‘नावे’ हे शब्द न वापरता ‘भरलेली’ आणि ‘काढलेली’ हेच शब्द ठेवतो.

दुसरी गोष्ट संदर्भ क्रमांकांची. युपीआयचा क्रमांक बारा अंकी असतो. एक्सेलमधील साध्या चौकटीत अकरापेक्षा जास्त अंक आले, की तो आकडा ४.१ गुणिले दहाचा अमुक घात अशा रूपात दिसू लागतो, आणि त्या स्थितीत फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली तर दिसते तेवढेच लिहिले जाते. मूळ क्रमांक कायमचा जातो. चेक क्रमांकाच्या आरंभीची शून्येही अशीच गळतात. हे स्तंभ आरंभापासून ‘टेक्स्ट’ ठेवावेत.

तिसरी गोष्ट, एक्सेलमधील ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ हे बटण या कामात वापरू नये. एकाच दिवशी दोन हमालांना प्रत्येकी ५०० रुपये दिले आणि नॅरेशनही सारखेच असेल, तर ते बटण खरी नोंद पुसते. त्या दोन ओळींत वेगळी असते ती फक्त छापील शिल्लक. म्हणून ओळीची ओळख ठरवताना शिल्लक हा स्तंभ धरलाच पाहिजे.

आयात करण्यापूर्वी कंपनीचा बॅकअप घ्यावा, त्याची वेगळी प्रत उघडावी आणि आधी दहाच नोंदी तेथे आणून पाहाव्यात. तीच फाइल चुकून दोनदा आयात झाली तर नोंदी दुप्पट होऊ शकतात, हे गृहीत धरूनच चालावे.

तुर्भेकर

आपणा दोघांचे मनापासून आभार. टॅब्युलाने तक्ते उचलले, मधला कागद तयार केला आणि सातव्या स्तंभात प्रथम ४१ ठिकाणी फरक आला. त्यांपैकी ३८ ठिकाणी पानाच्या माथ्यावरील ‘मागील शिल्लक’ ही ओळ मध्ये आली होती आणि तीन ठिकाणी रक्कम नॅरेशनला चिकटली होती. ते दुरुस्त केल्यावर तिन्ही खात्यांत सर्वत्र शून्य आले. समोरचे लेजर लावून एक्सेल फाइल कंपनीच्या प्रतीमध्ये आयात केली आणि एकही व्हाउचर नाकारले गेले नाही.

तरीही टॅलीत एका चालू खात्याची ३१ मार्च २०२५ ची शिल्लक स्टेटमेंटशी जुळत नाही. त्याहून विचित्र म्हणजे १ एप्रिल २०२४ ची आरंभीची शिल्लकसुद्धा बदलली आहे, जिला मी हातही लावलेला नाही. बाकीची दोन खाती तंतोतंत जुळतात. कागदावर प्रत्येक ओळीचा ताळा शून्य असताना हे कसे घडू शकते? एक उल्लेख करतो, त्याचा संबंध आहे की नाही ठाऊक नाही. या खात्याच्या तारखांच्या स्तंभात काही तारखा चौकटीत डावीकडे आणि काही उजवीकडे दिसत होत्या. डावीकडच्या मी ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ वापरून, दिवस-महिना-वर्ष हा क्रम निवडून सरळ केल्या.

घोडबंदरचे निवृत्त

आपला संशय अस्थानी नाही. सगळे दुखणे त्या डावी-उजवीतच आहे. बँकेतील नोकरीत अशा फाइली पुष्कळ पाहिल्या असल्याने जरा सविस्तर लिहितो.

आपल्या संगणकाच्या प्रादेशिक मांडणीत तारीख अमेरिकी पद्धतीची, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस अशी असावी. फाइल उघडताना एक्सेलने ०५/०४/२०२४ ही तारीख पाहिली आणि ती ४ मे समजून घेतली. ती ‘खरी तारीख’ झाल्यामुळे उजवीकडे सरकली. १३/०४/२०२४ मध्ये मात्र तेरावा महिना नसल्याने एक्सेलला अर्थ लागला नाही, म्हणून ती मजकूर राहून डावीकडे थांबली. आपण डावीकडच्या दुरुस्त केल्या, पण त्या मुळात चुकलेल्या नव्हत्याच. चुकलेल्या होत्या त्या उजवीकडच्या, आणि त्या सरळ दिसत असल्यामुळे कोणी त्यांच्याकडे पाहिले नाही.

आता आरंभीची शिल्लक का बदलली ते पाहा. ज्या तारखेचा दिवस १, २ किंवा ३ आहे, तो दिवस महिना झाला की जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्च होतो. २ मे २०२४ ची नोंद ५ फेब्रुवारी २०२४ ला जाऊन बसते, म्हणजे मागील आर्थिक वर्षात. तुमच्या टॅलीत मागील वर्ष त्याच कंपनीत असणार, म्हणून व्हाउचर नाकारले गेले नाही, आणि टॅली आरंभीची शिल्लक मागच्या नोंदींवरूनच काढत असल्याने तीही हलली. उलट बाजूला ६ जानेवारी २०२५ ची नोंद १ जून २०२५ ला, म्हणजे पुढील वर्षात गेली असेल. त्यामुळे ३१ मार्चची शिल्लकही चुकली. ज्या दिवशी दिवस आणि महिना यांचा आकडा एकच असतो, उदाहरणार्थ ७ जुलै, त्या नोंदी तेवढ्या बचावल्या असतील.

ताळ्याच्या सूत्राला हे दिसले नाही, कारण ते फक्त ओळींचा क्रम आणि रकमा पाहते. तारखेचा स्तंभ पूर्ण रिकामा ठेवला तरी ते शून्यच दाखवेल. म्हणून आठव्या स्तंभात आणखी एक तपासणी ठेवावी: या ओळीची तारीख वरच्या ओळीच्या तारखेपेक्षा मागची आहे काय? स्टेटमेंट उतरत्या क्रमाने असेल तर तपासणीही उलट करावी. दुरुस्तीसाठी उजवीकडच्या तारखा सूत्राने उलटवण्याच्या भानगडीत पडू नका. मूळ फाइल पुन्हा घ्या, एक्सेलमध्ये घेतानाच तारखेचा स्तंभ ‘टेक्स्ट’ ठेवा आणि मग सर्व तारखा एकाच वेळी दिवस-महिना-वर्ष या क्रमाने बदला.

दोन तारखांचे स्टेटमेंट असेल, तर व्यवहाराची तारीख घ्यावी. मूल्य दिनांक बँकेच्या व्याजाच्या गणितासाठी असतो. तो वापरल्यास ओळी मागेपुढे होतात आणि छापील शिल्लकेशी मेळ बसत नाही.

नौपाडा लेखापाल

काकांनी माझ्या उत्तरातील उणीव दाखवली, ती मान्य आहे. तारखांचा क्रम मी डोळ्यांनी पाहते आणि म्हणून तो लिहायचा राहिला.

आणखी एक जागा अशी आहे की जिथे दोन्ही तपासण्या शांत राहतात. एका चालू खात्यातून कॅश क्रेडिट खात्यात पैसे वळवले असतील, तर तो एकच व्यवहार दोन्ही स्टेटमेंटमध्ये दिसतो. दोन्ही फाइली स्वतंत्रपणे आयात केल्या आणि दोन्हीकडे समोरचे लेजर दुसऱ्या बँकेचे लावले, तर कॉन्ट्रा नोंद (आपल्याच दोन खात्यांमधील व्यवहाराची) दोनदा होते. तुमची दोन खाती तंतोतंत जुळली, त्यावरून तुम्ही हे बहुधा सांभाळले असावे, किंवा दोन्ही बाजूंना सस्पेन्स (निश्चित न झालेल्या रकमांचे तात्पुरते लेजर) लावले असावे. एकदा पाहून घ्या. परत गेलेले चेकही असेच तपासावेत. तेथे भरणा आणि वजावट अशा दोन ओळी येतात आणि दोन्ही ठेवायच्या असतात, शिवाय परतीचा आकार ही तिसरी ओळ असते. बँकेच्या आकारावर १८ टक्के जीएसटी लागतो. त्याची जमा (इनपुट टॅक्स क्रेडिट) घ्यायची असल्यास ती जीएसटीआर-२बी या जीएसटी पोर्टलवरील विवरणात दिसते का ते पाहून घ्यावी, आणि पेढीचा सर्व माल करमुक्त असेल तर ती मिळतच नसल्याने सगळी रक्कम खर्चातच टाकावी.

महापे टीटीसी

काका, हा खुलासा मी जतन करून ठेवतो आहे.

तुर्भेकर साहेब, दुरुस्त फाइल सध्याच्या प्रतीवरच पुन्हा आयात करू नका. आधीच्या चुकीच्या तारखांच्या नोंदी तेथेच राहतील. पहिल्या बॅकअपवरून नवी प्रत करा. हे काम एखाद्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे असते तर अधिकच जपावे लागले असते, कारण १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक आहे, आणि दोन हजार व्हाउचर आणून पुसल्याचा इतिहास लेखापरीक्षकापुढे उभा राहतो. एकल मालकीला तो नियम लागू नाही, पण प्रयोग प्रतीवरच करण्याची सवय असलेली बरी.

तुर्भेकर

काकांचे निदान अक्षरशः खरे ठरले. प्रतीमध्ये मागील वर्षाचे जानेवारी ते मार्च उघडून पाहिले, तर त्यांत या खात्याच्या १२७ परक्या नोंदी बसलेल्या होत्या. प्रादेशिक मांडणीही अमेरिकीच निघाली; संगणक शेठजींच्या पुतण्याने आणून दिलेला आहे आणि आजवर कोणी तिकडे पाहिलेच नव्हते. बॅकअपवरून नवी प्रत केली, तारखा मजकूर म्हणून घेऊन एकत्र बदलल्या, आठवा स्तंभ जोडला आणि पुन्हा आयात केली. आरंभीची शिल्लक जागेवर आली असून तिन्ही खात्यांची प्रत्येक महिनाअखेरची शिल्लक स्टेटमेंटशी जुळते. त्यानंतरच ती फाइल मूळ कंपनीत घेतली. ताईंनी सांगितल्याप्रमाणे शोधले, तेव्हा नऊ ठिकाणी खात्याखात्यांत वळवलेल्या रकमा दोन्ही बाजूंनी सस्पेन्समध्ये पडलेल्या आढळल्या. त्या आता कॉन्ट्रा केल्या आहेत.

सस्पेन्समध्ये अजून ६३ ओळी उरल्या आहेत. त्या बहुतेक युपीआयच्या आहेत, कारण पैसे मुलाच्या मोबाइलवरून येतात आणि आमच्याकडे लेजर वडिलांच्या नावाचे असते. अशा ओळींची यादी नाव, तारीख आणि रकमेसह छापून शेठजींच्या गादीवर ठेवली आहे. मार्केट बंद झाल्यावर रोज दहा-बारा नावे ते आठवून सांगतात, आणि मी पेन्सिलने समोर लिहून घेतो.